बरणीतली ओहोटी

रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला आमच्या कोथरूडच्या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेल्या बरणीतला चिखल सोनेरी झाला.

साधी काचेची बरणी, लोणच्याची. तळाशी दोन बोटं काळपट करडा गाळ आणि वर जेमतेम अर्धं बोट खारं पाणी. आदल्या दिवशी धरमतर खाडीच्या काठावरून मी तो गाळ चमच्याने उचलून आणला होता. सकाळी सात वाजता बघितला तेव्हा तो गाळाच्याच रंगाचा होता. नऊलाही तसाच. साडेनऊनंतर मात्र त्याच्यावर पिवळसर तपकिरी झाक येऊ लागली, आधी ठिपक्याठिपक्यांनी आणि मग सगळीकडे. साडेदहाला तो ओल्या गुळासारखा दिसत होता. मी आत्याला हाक मारली. ती मेथी निवडत होती. तिने बरणीकडे पाहिलं, भिंतीवरच्या कालनिर्णयकडे पाहिलं, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला आणि म्हणाली, "आज वद्य षष्ठी. साडेचारला भरती झाली. आता सुकती पुरी झाली असेल गो तिकडे."

सुकती म्हणजे ओहोटी. तिकडे म्हणजे शंभरावर किलोमीटर लांब, घाटाखाली. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच. आमच्या खिडकीतून दिसतो तो वेताळ टेकडीचा एक तुकडा आणि समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या. तरी बरणीतल्या चिखलाने खाडीची वेळ पाळली होती.

आत्याचा हिशोब कोकणच्या किनाऱ्यावर सगळ्यांना येतो. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ निघते. षष्ठी म्हणजे सहा पाऊण साडेचार. अष्टमीला सहा. पुनवेला किंवा अवसेला सव्वाअकरा, आणि प्रतिपदेपासून पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. चंद्रामुळे भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, ते गणित कोणीतरी कधीकाळी पाढ्यात बसवून ठेवलंय. आजोबांनी ते आत्याला शिकवलं. माझ्या वडिलांनी पुण्यात नोकरी धरली आणि ते विसरले. मला ते चाळिशीनंतर, सूक्ष्मदर्शकामुळे शिकावं लागलं.

आमचं मूळ गाव खारेपाटात, पेण आणि अलिबागच्या मधल्या त्या सपाट पट्ट्यात. हा मुलूखच माणसांनी समुद्राकडून मागून घेतलेला. खाडीच्या बाजूने मातीचा उंच बांध घालायचा, त्याला बाहेरकाठा म्हणतात. त्यात उघाडी ठेवायची, म्हणजे पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर जाईल आणि भरतीचं पाणी आत येणार नाही. आत भात पिकवायचा. आजोबांचं शेत या बाहेरकाठ्याला लागून होतं. आकाराने लांबट, म्हणून घरात त्याचं नावच 'लांबडी'. मी चौथीत असताना एका पावसाळी उधाणात बांधाला खांड पडली आणि लांबडीत खारं पाणी शिरलं. दोन-तीन पावसाळ्यांत मीठ धुऊन निघेल म्हणून आजोबांनी वाट पाहिली. खांड बुजेना, दर उधाणाला पाणी आत यायचं. मग शेतात तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उगवली. ती वाढली, त्यांची पेन्सिलींसारखी श्वसनमुळं चिखलातून वर आली. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरं तोडण्यावर बंदी घातली, आणि ती हवीच होती असं मला आज मनापासून वाटतं. पण आजोबांच्या दृष्टीने त्या दिवशी लांबडी कायमची गेली. ते शेवटपर्यंत त्या बाजूला फिरकले नाहीत. आमच्या घरात 'खारं पाणी' हे शब्द कोणी गेल्याची बातमी सांगावी तशा आवाजात उच्चारले जायचे.

मी त्याच लांबडीतलं पाणी बाटलीत भरून पुण्याला नेते, हे आत्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

सूक्ष्मदर्शक माझ्याकडे आला तो आधी कागदाचा. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांनी घडी घालून बनवायचा फोल्डस्कोप तयार केला, तो एका मैत्रिणीने मुलाला भेट दिला होता. मुलाने आठवडाभर बघितला आणि सोडला. मी उचलला आणि मला तो खाली ठेवता येईना. पुढे रविवारच्या जुन्या बाजारात एक जुना, कॉलेजातल्या प्रयोगशाळेत असतो तसा सूक्ष्मदर्शक मिळाला. एका भिंगावर बुरशी होती, ते बदलून घेतलं. आधी मी मुठेचं पाणी बघितलं, पाषाण तलावाचं बघितलं, गच्चीवरच्या कमळाच्या कुंडीतलं बघितलं. एकदा गावाहून येताना सहज एका बाटलीत तिवरांमधलं पाणी आणलं. ती स्लाइड लावली तेव्हापासून गोड्या पाण्याकडे माझं लक्ष कमी झालं.

त्या पहिल्या स्लाइडची गोष्ट मला लिहिली पाहिजे.

पाण्यात अंडाकृती, चपटे प्राणी होते. ते पोहत नव्हते, चालत होते. पोटाखाली ताठ केसांच्या जुड्या, आणि त्या पायांसारख्या टाकत ते शेवाळाच्या धाग्यावरून धावत, थांबत, मागे सरकत, पुन्हा धावत. एकाच पेशीचा जीव, मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, आणि चाल मात्र मुंगीसारखी ठाम. नंतर कळलं की हा युप्लोटीस. मी तासभर बघत राहिले. दिव्याच्या उष्णतेने स्लाइड सुकायला लागली, कव्हरस्लिपच्या कडेने मिठाचे चौकोनी स्फटिक दिसू लागले. पाणी कमी झालंय म्हणून मी ड्रॉपरने कडेला एक थेंब सोडला. नळाच्या पाण्याचा. खडकवासल्याचं, आपल्या कौतुकाचं, गोडं पाणी.

युप्लोटीस थांबले. फुगले. गोल झाले, आणि एकेक करून फुटले. पेशीतला ऐवज धुरासारखा पाण्यात पसरला.

कारण शाळेत शिकलेलं होतं. पेशीच्या आत खारट, बाहेर एकदम अळणी, मग पातळ पडद्यातून पाणी आत घुसतं, आणि ते बाहेर फेकायला सवड मिळाली नाही तर पेशी तडकते. भाताच्या मुळांचं खाऱ्या पाण्यात नेमकं उलटं होतं, मातीतलं मीठ मुळांना पाणी उचलू देत नाही आणि रोप पाण्यात उभं राहून वाळतं. आजोबांच्या भाताचं खाऱ्या पाण्याने जे केलं, ते मी एका गोड्या थेंबाने त्या जिवांचं केलं होतं. त्या दिवसापासून खारं पाणी म्हणजे नासलेलं पाणी असा विचार मला करता आला नाही.

खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या चिखलाच्या जमिनीत, राहणाऱ्यांना खरं तर खारेपणाचे झटके रोजचेच असतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मे महिन्यात तिवरांमधल्या उथळ डबक्यात पाणी आटत जातं तसा हा आकडा कितीतरी वर चढतो. जूनच्या अखेरीला वरून नदी धो धो उतरते तेव्हा खाडीचं पाणी जवळजवळ पिण्यासारखं होतं. तरी जगतात. कुणी पेशीत शिरलेलं पाणी सतत उपसून बाहेर टाकतं, कुणी टणक कवचात गुंडाळून झोपून जातं. मिठागराच्या दाट पाण्यात राहणारं ड्युनालिएला नावाचं शैवाल पेशीभित्तीशिवाय जगतं. बाहेर मीठ वाढलं की ते आत ग्लिसरॉल तयार करून तोल साधतं, आणि उन्हापासून बचाव म्हणून गाजराला रंग देणारंच द्रव्य साठवून लालसर होतं. हे सगळं हळूहळू बदललं तर चालतं. माझ्या थेंबाने ते एका क्षणात बदललं होतं.

आता मी स्लाइडच्या कडेला व्हॅसलीनची बारीक रेघ ओढते, म्हणजे पाणी उडत नाही. बरणीतलं पाणी कमी झालं तर गोडं पाणीच घालावं लागतं, कारण उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. पण ते थेंबाथेंबाने, दिवसभरात, आणि रात्रभर उघडं ठेवलेलं.

फोटोंचं म्हणाल तर माझ्याकडे भारी कॅमेरा नाही. फोन नेत्रभिंगाला लावायची एक पकड आहे, तेवढ्यावर चालतं. फोनला स्वतःच्या मनाने उजेड ठरवू द्यायचा नाही, तो बोटाने दाबून बांधून ठेवायचा, हे पहिलं. दुसरं म्हणजे काळी पार्श्वभूमी. स्लाइडखाली उजेड गोळा करणारं भिंग असतं, कंडेन्सर, त्याच्या खालच्या खाचेत काळ्या कागदाची गोल चकती मध्यभागी ठेवली की सरळ येणारा उजेड अडतो, कडेचा तिरका उजेडच जिवाला लागून भिंगात येतो, आणि काळ्याभोर आकाशात प्रत्येक पेशी स्वतः पेटल्यासारखी दिसते. चकतीचा आकार जमायला मला एक आख्खा पावसाळा लागला. चाळीसच्या भिंगाखाली एका वेळी मायक्रॉनभर जाडीचाच थर स्पष्ट दिसतो. म्हणून स्थिर गोष्टींचे वीस-तीस फोटो थोडंथोडं चक्र फिरवत काढायचे आणि संगणकावर एकमेकांत मिसळायचे. धावणाऱ्यांना हा उपाय नाही. त्यांच्यासाठी कापसाचे दोन-चार तंतू स्लाइडवर ठेवते, मग ते तंतूंच्या कुंपणात अडखळतात आणि क्षणभर थांबतात. गुंगीचं औषध घालावं असं काहीजण सांगतात. मी घालत नाही. नळाच्या थेंबानंतर मला ते जमत नाही.

फोटोंमध्ये सगळ्यात जास्त येतात ते डायटम, एकाच पेशीचं शैवाल. मराठीत यांना करंडक वनस्पती म्हणतात, आणि ज्याने हे नाव योजलं त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून नीट बघितलं असणार. डायटमचं कवच वाळूत असते त्या सिलिकाचं, म्हणजे जवळजवळ काचेचं. दोन भाग, एकावर दुसरा बसणारा, डबी आणि झाकण. आत्याच्या देवघरातला कुंकवाचा करंडा तसाच. पेशी दुभंगते तेव्हा दोघी मुली एकेक भाग घेऊन जातात आणि आपल्या वाट्याला आलेला भाग झाकण धरून त्यात बसेल अशी नवी डबी घडवतात. जिला आईचं झाकण मिळतं ती आईएवढी. जिला डबी मिळते ती थोडी लहान. असं पिढ्यान् पिढ्या होत एका शाखेतले करंडे बारीक बारीक होत जातात. फारच बारीक झाले की ती पेशी कवच टाकून देते, दोन पेशींचं मीलन होतं, आणि त्यातून पुन्हा मूळ मापाचा करंडा तयार होतो. पृथ्वीवर दरवर्षी जो प्राणवायू तयार होतो त्याचा अंदाजे पाचवा हिस्सा या करंड्यांचा असतो. मी हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाचता वाचता एक लांब श्वास घेतला होता.

लांबडीच्या चिखलात सापडणारा माझा सर्वात लाडका म्हणजे प्ल्युरोसिग्मा. दोन्ही टोकांना हलका विरुद्ध बाक असलेला, लांबट. कवचावर इतक्या बारीक रेघा, की एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शक बनवणारे आपलं भिंग किती चांगलं आहे ते याच रेघा दिसतात की नाही यावरून पारखायचे. माझ्या जुन्या बाजारातल्या भिंगातून त्या सरळ उजेडात दिसत नाहीत. कंडेन्सरखाली बोट धरून अर्धा उजेड अडवला की एका बाजूने सावल्या पडतात आणि रेघा उमटतात, पैठणीच्या काठाची वीण तिरक्या उन्हात उठून दिसावी तशा. दुसरा बॅसिलारिया. काड्यांसारख्या पेशी एकमेकींना चिकटून फळी करतात आणि मग एकमेकींवरून घसरत ती फळी लांब शिडीसारखी पसरते, पुन्हा गोळा होते, दुसऱ्या बाजूला पसरते. अठराव्या शतकात डेन्मार्कच्या ओ. एफ. म्यूलर यांनी हा बघितला तेव्हा हा प्राणी की वनस्पती हा पेच सोडवणं सोपं नव्हतं. मी त्याची चलचित्रं काढते, स्थिर फोटोत त्याचं काहीच राहत नाही.

आणि हे डायटम चालतात. कवचाला एक बारीक फट असते, तिच्यातून चिकट द्रव सोडत ते घसरतात. या द्रवाने गाळाचे कण एकमेकांना धरून राहतात आणि पाण्याने चिखल सहज वाहून जात नाही. बाहेरकाठा टिकवायला माणसं खपतात, त्याच्या पायथ्याशी हेही तेच काम करत असतात, हे मला आजोबांना सांगायला आवडलं असतं.

गाळ न उचलता डायटम मिळवायची एक युक्ती आहे. भिंग पुसायचा पातळ कागद ओला करून चिखलावर पसरायचा आणि पाऊण तास सावलीत बसून राहायचं. उजेडाकडे येणारे डायटम कागदाच्या धाग्यांमधून वर चढतात. कागद अलगद उचलून थोड्या खाडीच्या पाण्यात हलवला की स्वच्छ, गाळाविना डायटम. त्या शनिवारी, वद्य पंचमीला, मी हेच करत होते. पाच पाऊण पावणेचार, पहाटेची भरती, म्हणून सुकती सकाळी पावणेदहाच्या पुढे. चिखल उघडा पडला होता, निवट्या उड्या मारत होत्या, एका खेकड्याचा लाल नांगा वरखाली होत होता. आत्या पहिल्यांदाच माझ्याबरोबर लांबडीच्या कडेपर्यंत आली होती. बांधावर, छत्री उघडून, पदर डोक्यावर घेऊन बसली. तिवरांकडे पाठ करून.

मी फोल्डस्कोप तिच्या हातात दिला. आकाशाकडे धरून तिने डोळा लावला. पहिल्यांदा काही दिसलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग तिचा हात स्थिर झाला.

"हे आपल्या लांबडीतलं?"

"हो."

"जितं आहे?"

"हो आत्या, सगळं जितं."

तिने फोल्डस्कोप खाली घेतला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "बाबांना वाटायचं इथे काय नाय उरलं."

आत्याला पुण्याला डोळे तपासायला आणायचंच होतं, ती त्या दुपारी माझ्याबरोबर गाडीत बसली. बरणी तिने दोन पायांत धरली होती. खोपोलीच्या पुढे घाट चढताना तिने दोनदा झाकण सैल केलं, आतल्यांना हवा हवी म्हणून. मी सांगितलं नव्हतं.

म्हणून रविवारी साडेदहाला चिखल सोनेरी झाला तेव्हा तिला हिशोब करायला वेळ लागला नाही. मी मात्र गोंधळले. उजेडामुळे म्हणावं तर उजेड सातपासून होता. मी दर पंधरा मिनिटांनी फोटो काढत बसले. बारा वाजेपर्यंत सोनं टिकलं, मग फिकट होत होत एकच्या सुमाराला गाळ पुन्हा करडा झाला. वरच्या थरातला टिपकागदाएवढा चिखल स्लाइडवर घेतला होता, तो डायटमनी गच्च होता. एकनंतर घेतलेल्यात अगदी थोडे.

नंतर वाचलं. खाजणातले डायटम दिवसा ओहोटी लागली की चिखलातून वर येतात, ऊन खातात, आणि भरती यायच्या आत खाली जातात, नाहीतर लाट त्यांना घेऊन जाईल. त्यांना प्रयोगशाळेत आणून ठेवलं, जिथे ना भरती ना ओहोटी, तरी काही दिवस ते ही वेळ पाळत राहतात, हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी फ्रान्सच्या किनाऱ्यावर नोंदलं गेलंय. एक पेशी, तिच्यात चंद्राचं घड्याळ. कळल्यावरही माझं आश्चर्य कमी झालं नाही.

सोमवारी सप्तमी. सात पाऊण सव्वापाच, म्हणजे सुकती सव्वाअकराच्या पुढेमागे. मी रजा काढली. आत्या दहा वाजल्यापासून खिडकीशी स्टूल घेऊन बसली होती. अकराला झाक आली, साडेअकराला चिखल पुरता सोनेरी. मंगळवारी, अष्टमीला, दुपारी बाराच्या सुमाराला रंग आला खरा, पण पातळ, आणि फार वेळ टिकला नाही. बुधवारी कधी वर आले, कधी खाली गेले, काही सांगता येईना. दिवसभर गाळ मध्यम तपकिरी राहिला. त्यांचं घड्याळ लावून द्यायला समुद्र नव्हता. आत्या त्या संध्याकाळी म्हणाली, "परत नेऊन सोड त्यांना." मी पुढच्याच शनिवारी तिला पोचवायला गेले तेव्हा बरणी उघाडीशी रिकामी केली, चढत्या पाण्यात.

पुणेकरांना खाऱ्या पाण्याशी काय करायचंय, असं मला कोणी कोणी विचारतं. भीमेच्या काठी भिगवणला रोहित पक्षी बघायला आपण पहाटे उठून जातो. त्यांच्या पिसांतली गुलाबी छटा ते खातात त्या शैवालातून आणि त्यावर जगणाऱ्या बारीक कवचधारी जिवांतून येते. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं खारं तळं गुलाबी झालं तेव्हा त्याचं पाणी पुण्यातच तपासलं गेलं, १९४६ साली स्थापन झालेल्या आघारकर संशोधन संस्थेत, आणि रंग मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा निघाला. त्या संस्थेत डायटमवरही काम चालतं. माझ्या घरापासून ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे. विधी महाविद्यालयाच्या टेकडीवर फिरायला जाताना कितीदा तिच्यावरून गेले होते.

लांबडीतून आणलेल्या जिवांचे आता माझ्याकडे चारशेच्या वर फोटो आहेत. प्रत्येकाच्या नावात तिथी आहे, सुकतीची वेळ आहे आणि 'लांबडी' आहे. काही मोठे छापून आत्याला पाठवले. त्यातला प्ल्युरोसिग्माचा, काळ्या पार्श्वभूमीवरचा, तिने आजोबांच्या फोटोशेजारी लावलाय असं चुलतभावाने सांगितलं. तिने स्वतः सांगितलं नाही.

परवा तिचा फोन आला. जेवलात का, मुलाची परीक्षा कशी गेली, हे झाल्यावर म्हणाली, "शनिवारी त्रयोदशी आहे. तेरा पाऊण पावणेदहा. तू दुपारी जेवायलाच ये, चारपर्यंत चिखल उघडा होईल. चमचा आणू नको, माझ्याकडे धुऊन ठेवलाय."